शक्तिमानचा सिनेमा कधी? तुम्ही विचारलंत म्हणून

तारीख नाही. हे लिहितोय तोवर नायकाचं नाव अधिकृतपणे जाहीर झालेलं नाही, दिग्दर्शकाचंही नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण 'अमुक चॅनल तर पुढच्या दिवाळीत म्हणतंय' असा निरोप येणारच, म्हणून जरा सविस्तर.

१० फेब्रुवारी २०२२ ला सोनी पिक्चर्सने शक्तिमानच्या तीन भागांच्या सिनेमाची घोषणा केली. सोबत मिनिटभराचा टीझर. तो पाहून 'शूटिंग सुरू असणार, दोन वर्षांत येतोय' असं छातीठोक सांगणाऱ्यांत मीही होतो. चूक होती. टीझरमध्ये नायकाचा चेहराच नव्हता, आणि तिथेच थांबून विचार करायला हवा होता. थिएटरात किंवा टीव्हीवर ट्रेलर दाखवायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं; यूट्यूबला लागत नाही. सिनेमाचा एकही शॉट घेतलेला नसताना टीझर टाकता येतो. त्या दिवशी आपल्याला कळलं ते इतकंच की हक्कांचं जमलंय.

हक्कांनंतर पटकथा, दिग्दर्शक, नायकाच्या तारखा, व्हीएफएक्सचा अंदाज आणि मग पैशाला मंजुरी. गाडी अडते ती बहुधा नायकापाशी. स्टार बदलला की बजेट बदलतं, कारण किती कोटी लावायचे हे त्याच्या नावावर ठरतं. बजेट बदललं की पटकथेतली उड्डाणं आणि पडणाऱ्या इमारती कमी-जास्त होतात, म्हणजे पटकथा पुन्हा लिहा. तोवर दिग्दर्शक दुसऱ्या कामाला लागलेला असतो. यात कुणी खलनायक नसतो, वर्षं मात्र जातात. हिशेबासाठी 'ब्रह्मास्त्र' घ्या: शूटिंग सुरू झालं फेब्रुवारी २०१८ मध्ये, सिनेमा आला ९ सप्टेंबर २०२२ ला. मध्ये कोविड होता, मान्य. पण शूटिंगच सुरू नसलेल्या सिनेमाची पुढच्या दिवाळीची तारीख कुणी देत असेल, तर तो तुमच्या क्लिकवर पोट भरतोय.

आता नोव्हेंबर २०२४. हे प्रकरण टाळून पुढे जाता येत नाही. टीव्हीवरच्या मूळ मालिकेतले शक्तिमान मुकेश खन्ना यांनी आपल्या यूट्यूब चॅनलवर 'तो परत येतोय' या थाटाचं काहीतरी टाकलं, आणि सगळीकडे एकच मथळा: शक्तिमान परत! पावणेतीन वर्षं वाट पाहणाऱ्यांना ते वाचून काय वाटलं असेल ते सांगायला नको. उघडून बघावं तर तोच लाल-सोनेरी पोशाख, आत तेच खन्ना, आणि स्वातंत्र्यसैनिकांवरचं गाणं. मुलांसाठी. सोनीच्या सिनेमाशी त्याचा संबंध नव्हता. मग ते पोशाखातच पत्रकारांसमोर आले आणि लोकांनी वयावरून, पोटावरून नको ते बोलून घेतलं. शेवटी त्यांना खुलासा करावा लागला की पुढचा शक्तिमान मीच, असं सांगायला मी आलो नव्हतो.

तेव्हा मला खन्नांचा राग आला होता. आज तेवढा येत नाही. मूळ मालिका त्यांची, पात्र त्यांचं, शाळकरी मुलांना दोन गोष्टी सांगायचा त्यांचा सोस १९९७ पासूनचा. मालिकेत मुलांना चांगल्या सवयी सांगणाऱ्या 'छोटी छोटी मगर मोटी बातें' आपण विसरलो, ते विसरले नाहीत. 'परत येतोय' या शब्दांचा अर्थ आपण सिनेमा असा लावला. पण पावणेतीन वर्षं सिनेमाची अधिकृत बातमी नसताना 'परत येतोय' म्हटल्यावर लोक दुसरं काय समजणार होते? तेवढा राग शिल्लक आहे.

पुढची बातमी आली की मला पाठवण्याआधी एवढं बघा. आधी तारीख; जुनीच बातमी नवा फोटो लावून फिरते. मग क्रियापद: 'चर्चा आहे', 'समजतं' असेल तर सोडून द्या. मग बोलतंय कोण: सोनी, खन्ना की 'सूत्र'. पोस्टरवर निर्मात्यांची नावं नसतील, फक्त पिळदार दंड असतील, तर ते चाहत्याने किंवा एआयने केलेलं आहे. नायक, दिग्दर्शक आणि शूटिंगची सुरुवात ही तिन्ही एकाच अधिकृत पत्रकात दिसली, तर मध्यरात्रीसुद्धा फोन करा.

राहता राहिला रणवीर सिंह. मार्च २०२४ मध्ये त्याचं नाव चर्चेत असताना खन्नांनी जाहीर विरोध केला. स्टार कितीही मोठा असो, त्याची प्रतिमा शक्तिमानला शोभली पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. कधी वाटतं, म्हातारा बरोबर बोलतोय; शक्तिमान ज्याच्या वेशात लपतो त्या गंगाधरचा चष्मा आणि पुढे आलेले दात लावून भाबडं दिसणं सोपं नाही. कधी वाटतं, भाबडं दिसणं हा अभिनयच आहे आणि तो पोरगा अभिनय करतो. गेल्या सहा महिन्यांत माझं मत दोनदा फिरलंय.