कवटीतला खळगा

मागच्या मंगळवारी डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या वर्षाच्या एका मुलीने कवटी माझ्यापुढे धरली. "मॅडम, इथे क्रेस्ट असायला हवी ना? बोट आत जातंय."

आमच्याकडच्या कवट्यांची वरची टोपी करवतीने कापून हुकाने अडकवलेली असते. ती काढली की आतला तळ दिसतो. मागच्या ऑक्सिपिटल हाडाच्या आतून मधोमध एक कंगोरा, म्हणजेच क्रेस्ट, खाली उतरतो आणि मज्जारज्जू ज्या मोठ्या छिद्रातून जातो तिथे संपतो. या कवटीत तो कंगोरा शेवटी दुभंगला होता आणि मध्ये करंगळीचं टोक मावेल एवढा गुळगुळीत खळगा होता. लहान मेंदूचा मधला भाग तिथे टेकतो. काही माणसांत हा खळगा असतो, बहुतेकांत नसतो.

एवढ्याशा खळग्यावरून एका माणसाने जन्मजात गुन्हेगार कसा असतो ते सांगितलं. त्याचं नाव चेझारे लोम्ब्रोझो. जन्म इटलीतल्या व्हेरोनाचा, आधी लष्करात डॉक्टर, पुढे तुरीनला प्राध्यापक. 1870 च्या सुमारास त्याच्या हाती जुझेप्पे विलेल्ला नावाच्या माणसाची कवटी आली. विलेल्ला दक्षिणेतल्या कालाब्रियाचा, चोरीसाठी शिक्षा झालेला. इटली नुकती कुठे एक झाली होती आणि उत्तरेतले शिकलेले लोक दक्षिणेकडच्या गरिबांना अर्धवट रानटी समजत. लोम्ब्रोझोला त्या खळग्यात खालच्या प्राण्यांची खूण दिसली. गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहून गेलेला माणूस, हे त्याने ठरवलं आणि 1876 मध्ये पुस्तक काढलं. मोठा जबडा, बाहेर आलेले कान, लांब हात, विरळ दाढी, चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसणं, अशी लक्षणं त्यात आहेत.

या शेवटच्या लक्षणापाशी मी दर वेळी थांबते. माझ्या दादाच्या जन्माच्या वेळी चिमटा लावावा लागला होता. त्यात चेहऱ्याची डावी नस दुखावली. त्याला रडू आलं की ओठांचा उजवाच कोपरा ओढला जातो आणि लांबून ते कुत्सित हसल्यासारखं दिसतं. तो सातवीत असताना वर्गातून सहलीचे पैसे गेले. शिक्षकांनी थेट त्याचं दप्तर बाकावर उलटं केलं. कंपासपेटी, भाकरीचा डबा, चिंचोके. पैसे नव्हते. दादा रडायला आला, तर "बघा, हसतोय कसा" म्हणून वर एक थप्पड. बाकीची एकेचाळीस दप्तरं कुणी उघडलीच नाहीत. तेव्हा मी पाचवीत होते, दारात उभी राहून हे पाहत होते.

लोम्ब्रोझोच्या कामातली मोठी खोट मला तिथेच दिसते. कैद्यांमध्ये खुणा शोधायला तो जितका उत्सुक होता, तितक्या चिकाटीने त्याने बाहेरची माणसं मोजली नाहीत. ते काम इंग्लंडमध्ये तुरुंगातले डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी केलं. सुमारे 3000 कैद्यांची मापं घेतली आणि ती सैनिक, विद्यार्थी यांच्या मापांशेजारी ठेवली. 1913 मध्ये निष्कर्ष आला: गुन्हेगाराचं असं वेगळं शरीर नसतं. डोक्याच्या मापावरून विद्यार्थी इंग्लिश विद्यापीठातला की स्कॉटिश, हे एक वेळ ओळखता येईल. पण तो पुढे प्राध्यापक होईल की कैदी, हे नाही. गोरिंग यांनाही बुद्धीची कमतरता वंशपरंपरेने येते आणि ती गुन्ह्याकडे नेते असं वाटत होतं, आणि तिथे ते मला पटत नाहीत. पण तराजूची दुसरी बाजू त्यांनी भरली, हे काम मोठंच.

आपल्याकडे तर मोजायचेही कष्ट घेतले नाहीत. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, आणि तो कायदा देशभर रद्द व्हायला 1952 उजाडलं. सोलापुरात त्या लोकांना कुंपणाआड ठेवलेली वस्ती अजून सेटलमेंट म्हणूनच ओळखली जाते. तिथून आलेले विद्यार्थी मी शिकवलेत. पहिल्या दिवशी गावाचं नाव सांगताना त्यांचा आवाज खाली जातो, तो मी ऐकलाय.

विलेल्लाची कवटी तुरीनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या गावाने ती परत मागितली. 2012 मध्ये एका न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती संग्रहालयाकडेच ठेवली. लोम्ब्रोझोचा स्वतःचा सांगाडाही तिथेच आहे.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं, दादाचं सोडून. तिने विचारलं, "मग ही कवटी कुणाची, मॅडम?" रजिस्टरमध्ये नुसता नंबर होता. मी म्हटलं, कपाटातल्या सगळ्या पेट्या खाली काढा, सगळ्यांच्या टोप्या उघडा आणि प्रत्येकीत बोट घालून बघा. एकूण सतरा कवट्या होत्या. पोरं जमिनीवर फतकल मारून बसली आणि एकेक हूक काढायला लागली.