अ, ॲन, द आणि शून्य: सहा आठवड्यांच्या सरावाची नोंद

आधी पद्धत. इंग्रजी वर्तमानपत्रातला दीडशे-दोनशे शब्दांचा उतारा आर्टिकलं (a, an, the) गाळून वहीत उतरवायचा, मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा आणि मग भरायचा. गाळलेल्या ठिकाणी रिकामी जागा मात्र सोडायची नाही. ‘गाळलेल्या जागा भरा’ छापाच्या प्रश्नात इथे काहीतरी लागतं हे आधीच फुटलेलं असतं, त्यामुळे जिथे काहीच लागत नाही त्या जागेचा सराव कधी होतच नाही. म्हणून प्रत्येक नामाआधी पेन्सिलने अ, द किंवा ० अशी खूण आणि समासात एका शब्दात कारण. कारण लिहिता आलं नाही तर बरोबर उत्तरही चूकच धरायचं. एका उताऱ्याला वीस मिनिटं पुरतात.

आठवडा 1: अ की ॲन

हा भाग मराठी माणसाला जवळपास फुकटात मिळतो. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. स्वराने सुरू झाला तर ॲन, व्यंजनाने झाला तर अ. अवर, ऑनेस्ट, एमएलए, एक्स-रे यांच्याआधी ॲन. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-रुपी कॉइन यांच्याआधी अ. त्यामुळे ‘ॲन एमपीएससी कँडिडेट’ पण ‘अ यूपीएससी कँडिडेट’. स्पेलिंगकडे बघायचंच नाही.

युक्ती फसते ती एका शब्दावर. वर्षाला आपण ‘इयर’ म्हणतो आणि बेधडक ‘ॲन इयर’ लिहितो. इंग्रजीत त्याची सुरुवात ‘यि’ने, म्हणजे व्यंजनाने होते, म्हणून ‘अ यिअर’. ‘ॲन इअर’ म्हणजे कान. उलट्या बाजूने, एसटीला येष्टी म्हणणाऱ्यांचं ‘अ येष्टी बस’ होईल. उच्चार इंग्रजीचा धरायचा, गावचा नाही.

जाता जाता: ॲनमधला न पूर्वी शेजारच्या शब्दात ये-जा करायचा. क्रिकेटचा अंपायर मुळात ‘नूम्पेर’ होता. ‘अ नूम्पेर’ म्हणता म्हणता न अलीकडे सरकला आणि ‘ॲन अंपायर’ झालं. एप्रनचंही तसंच, तो आधी ‘नेप्रन’ होता.

आठवडा 2 ते 4: द

अर्धा वेळ इथेच जातो, आणि जायलाच हवा. ‘पहिल्यांदा उल्लेख आला की अ, दुसऱ्यांदा द’ हा शाळेतला नियम चुकीचा नाही, पण तोकडा आहे. ‘आय बॉट अ सायकल. द बेल डझन्ट वर्क.’ घंटीचा उल्लेख पहिलाच, तरी द. सायकल म्हटली की घंटी आली, आणि कुठली घंटी ते ऐकणाऱ्याला कळलं. ‘शट द डोअर’मध्येही तेच. कसोटी एकच: मी नेमकं कुठल्याबद्दल बोलतोय ते समोरच्याला ओळखता येईल का? मला माहीत असून भागत नाही, त्याला कळायला हवं. बऱ्याच चुका मी आणि तो यांची गल्लत केल्याने होतात.

मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपल्याकडे ही जाणीवच नाही असं समजू नका. ‘अंगणात कुत्रा बसलाय’ म्हणजे कुठलातरी कुत्रा: ‘देअर इज अ डॉग इन द यार्ड’. ‘कुत्रा अंगणात बसलाय’ म्हणजे आपला नेहमीचा: ‘द डॉग इज इन द यार्ड’. नुसत्या शब्दक्रमाने काम झालं. ‘वाघ पाहिला’ आणि ‘वाघाला पाहिलं’ यांत ‘ला’ ‘द’चं काम करतो. अडलेलं वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणा. नाम वाक्याच्या तोंडाशी आलं, ‘ला’ लागला किंवा ‘तो-ती-ते’ सहज जोडता आलं, तर बहुधा द.

हा पूल दोन ठिकाणी तुटतो. एक, ‘ती डॉक्टर आहे’. मराठीत इथे ‘एक’ लावत नाहीत, म्हणून हात ‘शी इज डॉक्टर’ लिहून मोकळा होतो. इंग्रजीला ‘अ डॉक्टर’ लागतंच. व्यवसाय सांगणारं वाक्य आलं की समासात फुली मारून ठेवावी. दुसरं, सरसकट विधानं. ‘आयुष्य अवघड आहे’चं ‘द लाइफ इज हार्ड’ होत नाही, तिथे शून्य. ‘सोसायटी’ हे उदाहरण वहीत कायमचं ठेवण्यासारखं आहे: शून्य असेल तर समाज, द असेल तर आपली इमारत, जिची पाण्याची टाकी कालपासून गळतेय.

‘ऑफ आला की द’ हा घरगुती नियमही उताऱ्यांवर घासून पाहिला. नावांमध्ये तो चालतो: मुंबई युनिव्हर्सिटी शून्याने, पण ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’. नावांबाहेर दगा देतो. ‘अ कप ऑफ टी’मध्ये ऑफ आहेच की.

आठवडा 5: मोजता येतं का

इथे चुकतो तो मराठीचा हिशोब. सामान, फर्निचर, माहिती आपणही मोजत नाही, त्यामुळे तिथे फारसं अडत नाही. सल्ले, बातम्या आणि कामं आपण मोजतो. म्हणून ‘मला एक काम आहे’चं ‘आय हॅव अ वर्क’ होतं. हवं ‘सम वर्क’. ॲडव्हाइस आणि न्यूज यांनाही अ लागत नाही, मोजायचंच तर ‘अ पीस ऑफ’ जोडायचं. हेअर शून्याने म्हणजे डोक्यावरचे केस, ‘अ हेअर’ म्हणजे आमटीत सापडलेला.

प्रश्नांचा क्रमही इथेच पक्का झाला. माय, धिस, एव्हरी यांपैकी काही आधीच आहे का? असेल तर थांबा. नसेल तर, ऐकणाऱ्याला कुठलं ते कळतंय का? हो तर द. नाही आणि मोजता येत नाही, किंवा अनेक आहेत, तर शून्य. मोजता येणारं एकच असेल तरच अ-ॲन. मोजणीपासून सुरुवात केली की एकवचन दिसताच हात अ लिहितो आणि द राहून जातो.

आठवडा 6: नावं आणि ठरीव प्रयोग

हे पाठांतराचं काम, फार खल नको. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगांना द: द गोदावरी, दि अरेबियन सी, द वेस्टर्न घाट्स. एकटं शिखर किंवा तलाव शून्याने: कळसूबाई, लोणार लेक. देशांना शून्य, पण द नेदरलँड्स, द फिलिपीन्स, द युनायटेड किंगडम. (स्वरापुढे ‘द’चा उच्चार ‘दि’ होतो, लिहिताना फरक नाही.) खेळाला शून्य, वाद्याला सहसा द: प्ले क्रिकेट, प्ले द तबला. बाय बस, पण ऑन द बस. मुलगा ‘स्कूल’ला जातो, पालकसभेला आई ‘द स्कूल’ला जाते. ब्रिटिश इंग्रजीत ‘इन हॉस्पिटल’ म्हणजे दाखल झालेला. अमेरिकन तिथेही ‘इन द हॉस्पिटल’च म्हणतो, म्हणून उतारा कुठल्या देशातल्या पत्राचा ते वर लिहून ठेवा.

उताऱ्यासाठी मथळे, छोट्या जाहिराती आणि पाककृती घेऊ नका. तिथे जागा वाचवायला आर्टिकलं मुळातच गाळलेली असतात आणि ताळा चुकीचा बसतो. अग्रलेख किंवा सामन्याचं सविस्तर वृत्त घ्या.