तुतीच्या झाडांसमोर थांबताना

नोकरी सोडून गावी परतावे की नाही, या प्रश्नावर गेले काही महिने मी प्रार्थना करीत आहे आणि त्या निमित्ताने बायबलमधील 2 शमुवेलचा 5 वा अध्याय पुन्हापुन्हा वाचीत आहे. रेफाईम खोऱ्यात शत्रू असलेले पलिष्टी पसरले तेव्हा इस्राएलचा राजा दाविद याने चढाई करू का, असे परमेश्वराला विचारले, होकार मिळाला आणि बाल-परासीम येथे जय झाला. पलिष्टी त्याच खोऱ्यात दुसऱ्यांदा आले. शत्रू तोच, जागा तीच, पहिली आज्ञाही स्मरणात ताजी. तरीही दाविदाने पुन्हा विचारले, हे मला त्या विजयाहूनही मोठे वाटते. या वेळी उत्तर वेगळे होते: समोरून जाऊ नकोस, वळसा घालून तुतीच्या झाडांसमोर थांब आणि शेंड्यांमधून पावलांचा आवाज ऐकू आला की त्वरा कर.

याउलट यहोशवाच्या काळी इस्राएलच्या वडीलधाऱ्यांनी, दूर देशाहून आल्याची बतावणी करणाऱ्या गिबोनी लोकांची बुरसटलेली भाकर पाहून त्यांच्यावर विश्वास ठेवला, पण परमेश्वराला विचारले नाही.

माझी चूकही तीच होती. पूर्वी एकदा प्रार्थनेनंतर घेतलेला निर्णय यशस्वी ठरला, म्हणून पुढच्या वेळी मी न विचारताच तसाच निर्णय घेतला आणि त्याचा भार घरच्यांनी दोन वर्षे वाहिला. आता राजीनाम्याचे पत्र लिहून ठेवले आहे, पण दिलेले नाही. रोज पहाटे वचन वाचते, मंडळीतील एका वडीलधाऱ्या भगिनीशी बोलते आणि थांबते.