जांबुघोड्याचं जंगल, मार्चमधलं

गुजरातमधलं जांबुघोडा म्हटलं की आम्हा बडोदेकरांना फक्त पावसाळा आठवतो, धबधबे, भाजलेली मक्याची कणसं आणि रस्त्याला लागलेली गाड्यांची रांग. होळीनंतर तिकडे कोणी फिरकत नाही. मला मात्र मोहाची फुलं गळताना बघायची होती आणि ती गळतात मार्च-एप्रिलमध्येच, म्हणून घरचे "एवढ्या उन्हात जंगलात काय ठेवलंय" म्हणत असतानाही मी आणि माझा मामेभाऊ निघालो.

पावागड खालूनच बघितला, चांपानेरला थांबलो नाही, शिवराजपूरला चहा आणि मग सरळ जंगल. ज्या राठवा आदिवासी कुटुंबाकडे उतरलो त्यांनी मकईचा रोटला आणि अडदाची दाळ इतक्या मायेने वाढली की मोठमोठ्या हॉटेलांत मी एवढी तृप्त होऊन कधी उठले नाहीये. पंखा नव्हता, अंगणात खाट टाकून दिली, झोप छान लागली. बाकीचं सगळं सोडून देते, कारण मला लिहायचंय ते त्या आगीबद्दल.

दुपार कलली होती, सागाच्या उतारावरून पायवाटेने चाललो होतो, आधी वास आला आणि मग वळणावर ती दिसली. वणवा म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचे आभाळाला भिडलेले लोळ असायचे, ही आग तर गुडघ्याच्याही खाली होती. एक वाकडीतिकडी नारिंगी रेघ, वाळलेला पाला खात हळूहळू चढावर सरकत होती आणि मागे सगळं काळं. सागाची मोठी पानं पापडासारखी वळायची आणि पेट घ्यायची. मध्येच बांबूचं पेर फुटायचं, त्या आवाजाने दर वेळी दचकायला व्हायचं. फॉरेस्टची काही माणसं ओल्या फांद्यांनी ती रेघ झोडपत होती, दोघंजण पुढे जाऊन पाला ओढून जमिनीची पट्टी उघडी करत होते म्हणजे आगीला पुढे खायला काही मिळणार नाही. पाणी नाही, तोंडाला काही नाही, पायात साध्या स्लीपर. "बेन, आघा रहो!" (ताई, लांब राहा) एकजण ओरडला. मामेभाऊ फांदी तोडून मदतीला गेला तर त्यालाही त्यांनी मागे पाठवलं, वारा फिरला तर काय म्हणून. अंधार पडता पडता आटोक्यात आली.

मग आमच्याकडच्या बाटल्यांमधलं पाणी पीत ते सगळे बसले आणि त्यातले एक वयस्कर काका बोलायला लागले. दर वर्षीचंच आहे म्हणाले. मोहाची फुलं पहाटे गळतात, पाल्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, विझवायला माणूस थांबला नाही की पुढे सरकते. टीमरूला, म्हणजे ज्याच्या पानांत बिड्या वळतात त्या तेंदूला, कोवळी पानं यावीत म्हणूनही लावतात, कोणी बिडी टाकतं. "पण आधी आग त्या नाळ्यापाशी येऊन मरायची, होळीपर्यंत ओल असायची तिथे. आता पाऊस कमी झाला की दिवाळी उलटली नाही तोच नाळा कोरडा. आग पार होऊन जाते." मग त्यांनी काठीने माती उकरून टीमरूचं एक रोप दाखवलं. वर पेन्सिलीएवढी बारीक काडी, टोकाला दोन पानं, आणि खाली मुळाचं खोड मनगटाएवढं जाड, गाठी गाठी झालेलं. दर वर्षी वरचं जळतं, दर वर्षी खालून फुटतं. "ह्याचं वय माझ्या मुलाएवढं असेल," काका म्हणाले. त्यांच्या मुलाचं लग्न झालंय!

मला ते रोप डोक्यातून जात नाहीये. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, पुस्तकातलं माहीत असतं की आपली पानगळीची जंगलं आगीला अगदीच परकी नाहीत, सागाची, पळसाची साल जाड असते, जळून पुन्हा फुटायची ताकद असते. पण दोन आगींच्या मध्ये रोपाला ज्वाळेच्या वर डोकं काढायला काही वर्षं तरी मिळायला पाहिजेत ना. ती मिळाली नाहीत तर म्हातारी झाडं उभी दिसतात, जंगल हिरवं दिसतं, आणि त्यांच्या जागी येणारं कोणीच नसतं.

सदाहरित जंगलांचं तर ह्याहून वाईट. ॲमेझॉनच्या पूर्व भागात झाडं आठ मीटरपेक्षाही खोलवरून पाणी ओढतात असं संशोधकांना आढळलंय, म्हणून पाऊस नसलेल्या महिन्यांतही पानं टिकतात, खाली सावली आणि दमटपणा राहतो, पेटवलं तरी पेटत नाही. तिथे लाकूडतोड झाली, रस्ता गेला, कुरण झालं की पानांच्या छताला भोकं पडतात, ऊन जमिनीपर्यंत पोचतं, तोडलेल्या फांद्या पडलेल्या असतातच, आणि त्यात अल निन्योचा, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी तापल्याने येणारा, दुष्काळ आला की तेच जंगल पेटतं. १९९८च्या सुरुवातीला ब्राझीलच्या रोराइमामध्ये हेच झालं. पहिली आग तिथेही अशीच बुटकी, सरपटत जाणारी असते, पण तिथल्या झाडांची साल पातळ, त्यामुळे तेवढ्यानेही मरतात, ती मेलेली झाडं वाळून पुढच्या आगीचं सरपण होतात आणि दुसरी आग पहिलीपेक्षा भयंकर असते. इंडोनेशियात भातशेतीसाठी कुजक्या पाल्या-लाकडांच्या थरांनी (पीटने) बनलेल्या दलदलीत कालवे खोदून पाणी काढून टाकलं, तर १९९७मध्ये जमीनच जळत राहिली, शेजारच्या देशांपर्यंत धूर. दुष्काळ सगळीकडे येतो, पण ज्या जंगलाला माणसाने आधीच उघडं पाडलंय त्याला तो जिवावर बेततो.

जांबुघोडा १९९०मध्ये अभयारण्य झालं, सगळं मिळून १३० चौरस किलोमीटर, आत गावं, शेतं, रस्ते. म्हणजे कुठेही उभे राहा, जंगलाची कड जवळच. आणि जिथे ऊन आलं तिथे घाणेरी माजलीये, तिच्या वाळक्या काड्यांवर चढून आग फांद्यांपर्यंत जाते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोह बघितला. आमच्या यजमानीण बाईंनी झाडाखाली काहीच पेटवलं नव्हतं, काटक्यांच्या झाडूने पाला झाडून बाजूला ढीग केला होता आणि दोन्ही मुली वेचायला सोबत होत्या. फुलं मऊ, ओलसर, गोड वास. मी विचारलं बाकीचे असं का करत नाहीत, तर त्या म्हणाल्या, जिच्याकडे दोनच हात आहेत आणि झाडं पाच, ती काय करेल, गुरं यायच्या आत फुलं उचलायची असतात.

परत येताना ओढ्याकाठी शहराकडची एक पार्टी जेवण उरकून निघाली होती. तीन दगडांची चूल तशीच धुमसत होती, आजूबाजूला सागाचा पाला. आम्ही वाळू टाकून विझवली. मला इतका संताप आला की हालोल येईपर्यंत मामेभावाशी वाद घातला, तो म्हणत होता आग गाववालेच लावतात, काकांनीच सांगितलं ना. लावतात, मी नाही म्हणत नाहीये. पण फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया २००४पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना पाठवतंय, त्या आता मोबाइलवर येतात, आणि त्या उतारावर माझ्या फोनला रेंज नव्हती, विझवणाऱ्यांच्या पायात बूट नव्हते. मोह वेचणारीला फेब्रुवारीत पाला झाडायची मजुरी द्या, काकांना बूट द्या, नाळ्यावर दगडाचे छोटे बांध घालून ओल टिकवा, आणि मग विचारा आग कोणी लावली. मामेभाऊ गप्प झाला नाही, त्याचं म्हणणं पैसे कोण देणार. पावसाळ्यात रांगा लावणाऱ्या गाड्यांकडून घ्या की! मी तरी आनंदाने देईन.