१५८४ च्या शेजारचे ७६
नोव्हेंबर २०१० मध्ये जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये शिशाच्या अणुकेंद्रकांच्या पहिल्या टकरी झाल्या आणि काही दिवसांतच ॲलिस प्रयोगाने आपला पहिला आकडा जाहीर केला. सर्वांत समोरासमोर झालेल्या ५ टक्के टकरींमध्ये, मधल्या पट्ट्यात, स्यूडोरॅपिडिटीच्या (कण शलाकेशी, म्हणजे कणांच्या झोताशी, किती कोनात निघाला हे सांगणाऱ्या मापाच्या) दर एककामागे सरासरी १५८४ विद्युतभारित कण बाहेर पडतात, असे तो आकडा सांगत होता. शलाकेशी साधारण ६२ ते ११८ अंशांचा कोन करून निघणारे कण म्हणजे हा पट्टा. आकड्याच्या पुढे दोन अनिश्चितता छापल्या होत्या, सांख्यिकीय ४ आणि मोजण्याच्या पद्धतीतून येणारी ७६. वर्गात या आकड्याचा शोधनिबंध वाचायला दिला की मुले १५८४ पाठ करतात. मला मात्र या ७६ चेच अधिक कुतूहल वाटत आले आहे, कारण आणखी टकरी नोंदवल्या की ४ कमी होतात, ७६ जागचे हलत नाहीत.

ही मोजणी झाली ती टकरीच्या जागेपासून ३.९ आणि ७.६ सेंटिमीटर अंतरावर असलेल्या सिलिकॉनच्या दोन थरांवर. प्रत्येक थर फक्त ‘येथून काहीतरी गेले’ एवढेच सांगतो. आतल्या थरावरचा एक ठिपका, बाहेरच्या थरावरचा एक ठिपका आणि टकरीचे स्थान हे तिन्ही जवळजवळ सरळ रेषेत आले की ती जोडी म्हणजे एक कण मानायचा. प्रोटॉनांच्या टकरीत हे सहज जमते. शिशाच्या टकरीत मात्र ठिपक्यांची एवढी दाटी होते की दोन वेगवेगळ्या कणांचे ठिपकेही योगायोगाने रेषेत येतात, आणि अशा खोट्या जोड्यांचे प्रमाण सर्वांत समोरासमोरच्या टकरींमध्ये सुमारे १४ टक्क्यांपर्यंत जाते. त्यांचा अंदाज घेण्याची एक युक्ती मला फार आवडते: एका थरावरचे सगळे ठिपके शलाकेभोवती फिरवून टाकायचे आणि पुन्हा जोड्या लावायच्या. खरी नाती तुटलेली असल्यामुळे आता ज्या जुळतात, त्या केवळ योगायोगाच्या.

एवढ्याने भागत नाही. ज्यांचा संवेग फार कमी असतो, ते कण वाटेतल्या साहित्यातच अडकतात, म्हणून त्यांची भर सिम्युलेशनवरून घालावी लागते. उलट, लॅम्डा किंवा के-शून्य यांच्यासारख्या ‘विचित्र’ (स्ट्रेंज) कणांच्या, क्षीण बलामुळे होणाऱ्या विघटनातून जन्मलेले कण थरांवर स्पष्ट उमटूनही वजा करावे लागतात, कारण ‘प्राथमिक कण’ या व्याख्येत ते बसत नाहीत. म्हणजे न दिसलेले धरायचे आणि दिसलेले सोडायचे. ७६ चा बराचसा भाग अशा निर्णयांतून येतो. शिवाय टकर किती समोरासमोर झाली हे ठरवणारे, दोन अणुकेंद्रकांच्या मध्यांमधले अंतर कोणालाच पाहता येत नाही. त्यासाठी सिंटिलेटरमधल्या (कण गेला की चमकणाऱ्या पदार्थातल्या) संकेताच्या मोठेपणानुसार टकरी क्रमाने लावून ग्लाउबर प्रतिमानाशी, म्हणजे टकरीच्या भौमितिक हिशेबाशी, ताडून पाहतात. त्यानुसार वरच्या ५ टक्क्यांत एकूण ४१६ न्यूक्लिऑनांपैकी (प्रोटॉन व न्यूट्रॉनांपैकी) सुमारे ३८३ प्रत्यक्ष भाग घेतात.

सहभागी न्यूक्लिऑनांच्या दर जोडीमागे हा हिशेब ८.३ कणांवर येतो. अमेरिकेतल्या ब्रूकहेवनच्या प्रवेगकात २०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला सोन्याच्या टकरींत जे मिळाले होते, त्याच्या हे २.२ पट, आणि या शिशाच्या टकरींएवढ्याच ऊर्जेच्या प्रोटॉन-टकरींच्या १.९ पट आहे. कमी ऊर्जेच्या मोजमापांवरून लॉगॅरिथमने पुढे ओढलेली रेषा याच्या बरीच खाली राहिली होती. गंमत अशी की, १९९० च्या दशकात ॲलिसची आखणी करताना दर एककामागे ८००० कणांपर्यंतची तयारी ठेवली होती. त्या मानाने १५८४ म्हणजे रिकामी गाडीच म्हणायची.

भारित कणांखेरीज फोटॉनही मोजावे लागतात आणि त्यासाठीचा डिटेक्टर प्रामुख्याने भारतीय गटांनी, कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या पुढाकाराने उभारला. मुंबईची आयआयटीही या सहकार्यात आहे. शिशाच्या पाट्यातून जाताना फोटॉन इलेक्ट्रॉनांचा वर्षाव घडवतो आणि मागच्या मधपोळ्यासारख्या वायुकोशांतले अनेक कोश एकदम पेटतात, तर हॅड्रॉन (प्रोटॉनसारखा क्वार्कांचा कण) बहुधा एकाच कोशात खूण ठेवून निघून जातो.

पुढे ५.०२ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टला शिशासाठी १९४३ ± ५४ आणि २०१७ मधल्या झेनॉनच्या टकरींसाठी ११६७ ± २६ असे आकडे आले. सहभागी न्यूक्लिऑनांची संख्या सारखी ठेवून तुलना केली, तर झेनॉनच्या समोरासमोरच्या टकरी दर जोडीमागे शिशाच्या तिरक्या टकरींपेक्षा अधिक कण देतात. अनिश्चितता एवढी आखडली नसती, तर हा फरक तिच्यातच बुडून गेला असता.