राहत्या घरावर पुन्हा कर्ज काढलं तेव्हा

आईबाबांमागे वाईचं घर आम्हा दोघी बहिणींच्या नावावर झालं. गेल्या वर्षी, 2025 च्या उन्हाळ्यात, ताई म्हणाली, "मला नाशिकला फ्लॅट घ्यायचाय गं. माझा हिस्सा तू घेतेस का? नाहीतर घर विकावं लागेल." बाहेरच्या माणसाला ते घर द्यायची कल्पनाच मला सहन होईना. माझ्याकडची शिल्लक धरूनही 15 लाख कमी पडत होते.

पुण्यात आमचा टू बीएचके आहे. 2014 मध्ये 52 लाखांना घेतला, 40 लाख कर्ज काढून. आता एजंट 95 लाख सहज येतील म्हणतात. गृहकर्ज 26 लाख बाकी. मी मनातल्या मनात वजाबाकी केली: 69 लाख आपले! त्यातले 15 मिळायला काय अडचण?

बँकेत गेल्यावर कळलं की तो आकडा फक्त माझ्या मनातला होता. बाजारभाव बँक विचारतच नाही, ती घराची किंमत ठरवणारा आपला माणूस, म्हणजे व्हॅल्युअर, पाठवते. तो मुलगा लेझरचं मीटर घेऊन आला, प्रत्येक खोलीत भिंतीला टेकवून आकडे लिहीत गेला. आम्ही बाल्कनी बंद करून मुलासाठी अभ्यासाची जागा केली आहे. तिथे तो थांबला, करारनाम्याची झेरॉक्स उघडली आणि म्हणाला, "मॅडम, मंजूर नकाशात ही बाल्कनी आहे, खोली नाही. मला खोली म्हणून धरता येणार नाही." मूल्यांकन आलं 82 लाख. त्याच्या 70 टक्के, म्हणजे 57 लाख 40 हजार, ही त्या बँकेची दोन्ही कर्जं मिळूनची मर्यादा. त्यातून जुने 26 लाख वजा. तरीही 31 लाख उरत होते, म्हणून मी निश्चिंत झाले. पण मग पगाराची स्लिप मागितली.

खरी कात्री तिथे लागते. घराची किंमत कितीही असो, हप्ता पगारातून जाणार, आणि सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या रकमेच्या निम्म्यावर जाता कामा नयेत असा त्यांचा हिशेब. माझे 88 हजार, त्याचे निम्मे 44. जुना हप्ताच 36 हजारांचा. राहिले आठ हजार, त्यात कसले 15 लाख बसतात! शेवटी यांची तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं जोडली, त्यांचे महिन्याचे 40 हजार धरले गेले, तेव्हा गणित जमलं.

आता टॉप-अप घ्यायचं की मॉर्गेज लोन, म्हणजे घर तारण ठेवून वेगळं कर्ज? टॉप-अप म्हणजे त्याच बँकेत, चालू गृहकर्जावर वाढीव रक्कम. मला 9 टक्क्यांनी मिळत होतं, पण उरलेल्या आठ वर्षांतच फेडायचं, हप्ता साधारण 22 हजार. दुसरी एक बँक मालमत्ता तारण ठेवून 15 वर्षांसाठी सव्वादहा टक्क्यांनी द्यायला तयार होती, हप्ता 16 हजार 350. महिन्याला साडेपाच हजार वाचतात, म्हणून हे तिकडे झुकले होते. रात्री मी वहीत दोन्हीचं एकूण व्याज काढलं. टॉप-अपला सहा लाख दहा हजार, दुसरीकडे चौदा लाख त्रेचाळीस हजार. पंधरा लाखांवर जवळजवळ तेवढंच व्याज! शिवाय दुसऱ्या बँकेत जुनं गृहकर्जही न्यावं लागलं असतं. वही यांच्यापुढे सरकवली, वेगळं काही बोलावं लागलं नाही.

घर गमावण्याची भीती मला होती आणि ती असायलाच हवी असं माझं मत आहे. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. मग सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली बँक 60 दिवसांची नोटीस देते आणि पुढे दिवाणी दावा न लावता घराचा ताबा घेऊ शकते. म्हणून सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम एफडीत वेगळी ठेवल्यावरच मी सही केली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटने, म्हणजे सभासदत्वाच्या दाखल्याने. करारनाम्यावर आणि इंडेक्स टूवर (दस्तनोंदणीच्या उताऱ्यावर) आम्हा दोघांची नावं, सर्टिफिकेटवर मात्र फक्त यांचं. इतक्या वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. बँकेच्या वकिलांनी बरोबर त्यावर बोट ठेवलं. कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच, त्यात सेक्रेटरी काका गावाला. पाच आठवडे गेले. तुमचंही सर्टिफिकेट कपाटात असेल तर आजच काढून त्यावरची नावं बघा.

मंजुरीच्या दिवशी अधिकारी म्हणाले, "कर्जासोबत विमा घ्यावा लागतो," आणि 48 हजारांचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला. माझा स्वतःचा टर्म प्लॅन, म्हणजे आयुर्विमा, आहे. मी म्हटलं, सक्तीचा आहे असं लिहून द्या. लिहून दिलं नाही, विमा काढून टाकला. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या रिटेल, म्हणजे वैयक्तिक ग्राहकाच्या, कर्जाला बँकेला 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) द्यावं लागतं. त्यात प्रक्रिया शुल्कासकट खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. तेवढा एक कागद मी दोनदा वाचला. नंतर मुद्रांक शुल्क भरलं आणि 30 दिवसांच्या आत 'नोटीस ऑफ इंटिमेशन', म्हणजे घर गहाण ठेवल्याची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना, दाखल झाली.

वाईच्या दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखतावर अंगठा देताना ताई रडली, मीही. संध्याकाळी आम्ही दोघी आईच्या ओट्यावर बसून चहा प्यायलो.

दर बदलता आहे आणि कर्ज वैयक्तिक, त्यामुळे मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. दिवाळीचा बोनस तिथेच भरायचं ठरलंय. मूळ कागद बँकेत आहेत. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत ते परत द्यायचे, नाहीतर बँकेच्या चुकीने होणाऱ्या उशिराबद्दल दिवसाला 5000 रुपये, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा नियम आहे. कोणकोणते कागद दिले त्याची बँकेच्या शिक्क्याची यादी मी वाईच्या खरेदीखतासोबत एकाच फाइलमध्ये लावून ठेवली आहे.