यूएपीचे कागद मागताना: माझा अनुभव

यूएपी म्हणजे आकाशात दिसलेल्या, ओळख न पटलेल्या गोष्टी, ज्यांना पूर्वी ‘यूएफओ’ म्हणत. ‘यूएपीबद्दलची सर्व माहिती द्यावी’ असा अमेरिकी सरकारकडे केलेला माझा पहिला अर्ज फेटाळला गेला, आणि ते बरोबरच होतं. अमेरिकेचा १९६६चा माहिती स्वातंत्र्य कायदा, म्हणजे फोइया, कागद मिळवून देतो, प्रश्नांची उत्तरं देत नाही. अर्ज कुठल्याही देशाचा माणूस करू शकतो. पण कागद कोणत्या कार्यालयाचा, कोणत्या तारखांमधला, कोणत्या प्रकारचा, हे शोधणाऱ्याला कळेल इतकं नेमकं लिहावं लागतं.

खरी गोम शब्दांत आहे. ‘यूएपी’ हा शब्द सरकारी कागदांत रुळला तो अलीकडे. नौदलाचे वैमानिक सरावाच्या क्षेत्रात घुसलेल्या वस्तूची नोंद ‘रेंज फाउलर’ नावाच्या फॉर्मवर करत आले आहेत. नुसतं ‘यूएपी’ शोधायला सांगितलं की असे फॉर्म निसटू शकतात. म्हणून मी आता तीन-चार पर्यायी शब्द अर्जातच देतो. ‘ब्लू बुक’ या अमेरिकी हवाई दलाच्या जुन्या यूएफओ-तपास प्रकल्पासाठी मात्र अर्जाची गरजच नाही. त्या प्रकल्पातल्या १२,६१८ नोंदी, उकल न झालेल्या ७०१ धरून, राष्ट्रीय अभिलेखागारात खुल्या आहेत.

शुल्काचा रकाना कोरा ठेवू नये. बिगर-व्यावसायिक अर्जदाराला शोधाचे पहिले २ तास आणि १०० पानं मोफत असतात; त्यापुढे किती डॉलरपर्यंत देणार ते लिहून टाकावं, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. उत्तराची मुदत २० कामकाजाचे दिवस, ‘असाधारण परिस्थिती’ म्हणून आणखी १०. प्रत्यक्षात महिने जातात. चौकशी करताना ‘काय झालं?’ असं विचारू नये, अंदाजे पूर्ततेची तारीख मागावी. ती देणं कायद्याने बंधनकारक आहे.

मग मिळालेल्या कागदांवर येतात मजकूर झाकणाऱ्या काळ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीशेजारी कोड असतो: बी-१ म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा, बी-३ म्हणजे दुसऱ्या कायद्याने झाकलेलं, बी-६ म्हणजे व्यक्तीची खासगी माहिती. माझ्या मते बी-१ पाहून हुरळून जायचं कारण नाही. बहुतेक वेळा लपवायचा असतो तो कॅमेरा नि रडार, म्हणजे त्याचा पल्ला आणि विमान कुठे होतं ते. एप्रिल २०२०मध्ये नौदलाचे यूएपीचे तीन व्हिडिओ अधिकृतपणे खुले करताना पेंटागॉनने हेच सांगितलं: त्यांतून संवेदनशील क्षमता उघड होत नाहीत.

अपिलाला किमान ९० दिवस मिळतात. त्यात रागावून उपयोग नाही. शोध अपुरा का, हे दाखवावं आणि उघड करता येणारा भाग वेगळा काढून द्यावा, अशी मागणी करावी. ‘असे कागद आहेत की नाहीत, हे सांगता येत नाही’ असं ग्लोमार उत्तर आलं, तर ती कोंडी अपिलाने सहसा फुटत नाही.

त्यापलीकडचं फक्त आतला माणूस, म्हणजे जागल्या, सांगू शकतो. त्याचा रस्ता वेगळा. १९९८च्या कायद्यानुसार गुप्तचर यंत्रणेतला कर्मचारी ‘तातडीची चिंता’ महानिरीक्षकांकडे नोंदवतो; ती विश्वासार्ह आहे का, हे त्यांनी १४ दिवसांत ठरवायचं, आणि तशी ठरली तर पुढच्या ७ दिवसांत ती काँग्रेसच्या गुप्तचर समित्यांकडे जायची. सरकारने परकी याने लपवून ठेवल्याचा दावा करणारे माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी २०२३मध्ये उघडपणे बोलण्याआधी आपला मजकूर पेंटागॉनच्या प्रकाशनपूर्व छाननीतून नेला होता. ‘सरकारने मान्यता दिली’ असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. ती छाननी मजकुरात गोपनीय काही नाही ना, एवढंच पाहते. दावा खरा की खोटा, हे तिथे तपासलं जात नाही.